अंबाजीचा पुत्र कुशाबा

महाळुंगे पडवळ, ता. आंबेगाव
२१ जून १९९८

दादा,

वर ‘तीर्थरूप’ लिहिलेलं नाही. विसरले नाही.

तुझं पाकीट परवा शाळेच्या पत्त्यावर आलं. परदेशी तिकिटं पाहायला ते सगळ्या शिक्षकांच्या हातून फिरलं आणि मग माझ्याकडे आलं. अठरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. बदललेलं नाही. १९८० च्या पत्रात एकच ओळ होती: ‘माझ्यापुरती बहीण संपली.’ या वेळी चार पानं आहेत आणि सुरुवात ‘प्रिय अंजना’ अशी आहे. काम काय आहे ते तिसऱ्या पानावर कळलं.

कॅरोलच्या आईकडच्या घराण्याचा तक्ता पाहिला. मात्तेओ फोरलानी, व्हेनिसकडचा, दोर वळणारा. १६७२ साली जहाजातून अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरला आणि पुन्हा जहाजावर चढलाच नाही. तेव्हा तिथे इंग्रजांच्या वसाहती होत्या. कारकुनांना फोरलानी लिहिता येईना, म्हणून नातवंडांपर्यंत त्याचं फर्लांग झालं. त्याच्यापासून खाली अकरावी चौकट तुझ्या आरोहीची. हे सगळे फर्लांग दर उन्हाळ्यात एका मैदानावर जमतात, छातीला बिल्ले लावतात, त्या इटालियन माणसाच्या नावाने जेवतात. तिथे दर वर्षी तुला कुणीतरी विचारतं, तुमच्याकडचं काय? यंदा आरोहीने विचारलं. बारा वर्षांच्या मुलीला उत्तर द्यावं लागतं.

रविवारी मढला गेले तेव्हा आईला सगळं वाचून दाखवलं. ती नाचणी पाखडत होती.

“सुनंच्या आईचं घरानं कंचं म्हनलीस?”

“फर्लांग.”

“आता गं बया! चांगदेवानं एवढ्या लांबची सून केली ती फर्लांगाची? आजून सात मिळाल्या तर मैल व्हईल.”

मग सूप थांबलं.

“माजं नाव घालनार हाय का त्यात?”

“घालणार आहे.”

“आन तुजं?”

त्याचं उत्तर तुझ्या चौथ्या पानावर आहे. ‘बाबा, आई, मी, कॅरोल, आरोही. सोपं ठेवायचं आहे. तुझा भाग सध्या नको.’ ‘सध्या’ हा शब्द तुझा. मी आईला तो वाचून दाखवला नाही. पान संपलं म्हणून सांगितलं.

तुला मी हवी आहे, कारण मला मोडी येते. नाशिकच्या उपाध्यांकडे आपल्या घराण्याची वही आहे. जो कुणी अस्थी घेऊन किंवा स्नानाला गेला, त्याचं नाव आणि त्याच्या माणसांची नावं तिच्यात उतरवलेली आहेत. जुनी पानं मोडीत आहेत. एम.ए.ला मी मोडी घेतली तेव्हा याचा उपयोग काय असं बाबांनी विचारलं होतं. आता ते असते तर त्यांना सांगितलं असतं.

मी नाशिकला जाईन. माझी अट एक आहे. तुझ्या चौकटीशेजारी माझी चौकट, आणि तिच्याखाली आरतीची. आरती माझी मुलगी. तिला अठरावं चालू आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस. ती तक्त्यात नसेल, तर माझ्याकडून तुला वंशावळ मिळणार नाही.

अंजना


महाळुंगे पडवळ
९ ऑगस्ट १९९८

दादा,

तू लिहितोस, माझं काही म्हणणं नाही, पण कॅरोलची आई विचारेल, या मुलीचे वडील कोण? मग मी काय सांगू?

तुझ्या सासूचा तक्ता पुन्हा काढून बसले. मात्तेओपासून आरोहीपर्यंत पेन्सिलने टिंबं देत गेले. मधल्या नऊ जणांत पाच बायका आहेत. शेवटच्या चार पिढ्यांत तर नातं आईकडूनच आईकडे गेलं आहे. आपल्या रीतीने मोजलं तर तुझी कॅरोल त्या इटालियनाची कुणीच लागत नाही.

आता तिसरी चौकट बघ. हॅना फर्लांग, मात्तेओची नात. तिच्या शेजारी नवऱ्याची चौकट आहे आणि तिच्यात फक्त प्रश्नचिन्ह. हॅनाच्या मुलाचं आडनाव फर्लांगच. ते त्याला आईकडून मिळालं. त्या मैदानावर जी माणसं बिल्ले लावून बसतात, त्यांच्या बिल्ल्यावरचं नाव या बाईने टिकवलं. तुझ्या सासूने ते प्रश्नचिन्ह खोडलं नाही, चौकट आखून छापलं. तेव्हा ती काय विचारेल याची काळजी तू तिच्या नावावर करू नकोस. काळजी तुझी आहे.

आरतीच्या बापाचं नाव तू आज पत्रात विचारतोस. अठरा वर्षांपूर्वी विचारलं नव्हतंस. बाबांनी विचारलं, भावकीतले वडील म्हणून गेणभाऊंनी विचारलं, भावकीतल्या बायकांनी विहिरीवर विचारलं. एकटा तू गप्प होतास. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या खोलीवरून तुझ्याबरोबर मढला कोण यायचं, आईच्या हातची भाकरी कोण मागून खायचं, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. त्याचा व्हिसा तुझ्यानंतर तीन महिन्यांनी आला.

मी ते नाव तेव्हा घेतलं नाही. आताही घेणार नाही. त्याला वाचवायचं म्हणून नव्हे. मला ते कामाचं नाही.

शाळेला गणपतीची सुट्टी लागली की नाशिकला जाते.

अंजना


महाळुंगे पडवळ
२७ सप्टेंबर १९९८

दादा,

जाऊन आले. आरती बरोबर होती.

उपाध्ये पन्नाशीचे आहेत, पान खातात. गोदावरीच्या घाटावरून आत गल्लीत घर. त्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि एक क्षणही न थांबता माळ्यावरचं एक गाठोडं खाली ओढलं.

“बरोबर कोण आहे? भाऊ?”

“भाऊ अमेरिकेत.”

“जावई?”

“जावई नाही. ही मुलगी.”

त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं, मग आरतीकडे, आणि गाठोडं सोडलं. लांबट, जाड कागदाची वही. शेवटची नोंद १९६१ ची. आजोबांच्या अस्थी घेऊन बाबा गेले होते, त्यांची सही आहे. ‘सावळेराम’मधला ‘ळे’ त्यांनी खोडून परत काढला आहे.

उपाध्यांनी पहिलं पान उघडलं आणि कागदाकडे न पाहता म्हणायला सुरुवात केली. “शके सोळाशे पंच्याऐंशी. मौजे मढ. अंबाजीचा पुत्र कुशाबा, कोकणातून घाट चढोन मढी वस्तीस आला. अंबाजी हा मूळ पुरुष.”

मी वही माझ्याकडे फिरवून घेतली.

तुला मोडी येत नाही म्हणून सांगते. मोडीत आधी आडवी रेघ मारतात आणि तिच्याखाली अक्षरं लावत जातात. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी आणि दीर्घ वेलांटी असा भेद करत नाहीत. त्या पानावर जे आहे ते असं: *अंबाजीचापुत्रकुशाबा*. त्याचं ‘अंबाजीचा पुत्र कुशाबा’ होतं. आणि ‘अंबा, जिचा पुत्र कुशाबा’ हेही होतं.

“काका, इथे बाई वाचता येते.”

“बाई, दोनशे वर्षं आम्ही अंबाजी वाचतोय.”

“वाचताय की पाठ म्हणताय?”

त्यांनी पानाची पिंक टाकली आणि हसले. “पाठ म्हणतोय. खरं ते खरं.”

चष्मा लावून ते बराच वेळ त्या ओळीवर वाकून राहिले. मग म्हणाले, वाचता येतं, पण मी तसं सांगणार नाही. तुमची भावकी माझ्या दारात येईल.

त्यांच्याकडे रीत अशी की वही उघडली की मागच्या नोंदीनंतरची नावं घालायची आणि सही करायची. बाबा गेल्याचं घातलं. पुढची नावं विचारली तेव्हा मी म्हटलं, घालीन, पण आज नको. भावाशी ठरायचं आहे.

मढला जाऊन आईला सांगितलं. बाई कोकणातून पोर घेऊन एकटी घाट चढून आली असावी, नवऱ्याचा पत्ता नाही. आई पायावरून दुखरा हात फिरवत ऐकत होती. तिचं मनगट श्रावणात मोडलं ते तुला कळवलेलं नाही.

“मंग आपल्यात तू पैली न्हाईस म्हन की,” ती म्हणाली. इतकंच. अठरा वर्षांत या विषयावर ती पहिल्यांदा बोलली.

पहिल्या पानाची नक्कल मी उतरवून आणली. ती सोबत आहे. मधल्या पिढ्यांची पानं माझ्या वहीत आहेत आणि अट ठाऊकच आहे.

अंजना


महाळुंगे पडवळ
१७ जानेवारी १९९९

दादा,

पुण्याच्या जाणकारांना तू नक्कल दाखवलीस. त्यांनी अंबाजी वाचलं. शिवाय तुला सांगितलं की बाईंचं वाचन भावनेच्या भरातलं आहे. एवढ्यावर थांबला असतास तर ठीक. तू गेणभाऊंना फोन केलास.

गेल्या गुरुवारी ते शाळेत आले. मधली सुट्टी होती. शिक्षकांच्या खोलीत येऊन टोपी काढली, पाणी मागून प्यायले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “काय गं अंजने, आमच्या बाबाला लुगडं नेसवाया निघालीस व्हय?”

“बसा भाऊ.”

“बसाया न्हाई आलो. चांगदेवाचा फोन आल्ता. आमी बाबाचा मुखवटा करायला टाकलाय, नारानगावाला. पितळी. मिशा हैत त्याला, हातभर. आन तू म्हनतीस बाई!”

“भाऊ, सर्वपित्रीला पहिलं पान कुणाचं वाढता?”

“अंबाजीबाबाचं. आजचं हाय का ते?”

“त्या पानाशी काय ठेवता?”

त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली.

“खन,” शेवटी म्हणाले.

“कसला?”

“चोळीचा. मंग?”

“मिशांच्या बाबाला चोळीचा खण?”

विज्ञानाच्या बाईंना हसू आवरलं नाही. गेणभाऊंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “त्याच्या बायकूसाठी आसंल. रीत हाय. रीतीला इचारत न्हाईत.”

“बायकोचं नाव काय?”

“आता तिचं नाव कुनाला ठावं?” असं म्हणून ते थोडे थांबले, जसं काही आपलंच बोलणं परत ऐकलं. मग टोपी घालून गेले. दारातून ओरडले, “मुखवट्याला मिशा ऱ्हानारच!”

आता तुझ्या जाणकारांविषयी. त्यांना सांग, ओळ दोन्ही तऱ्हांनी वाचता येते हे मला मान्य आहे. मी वर्गात व्याकरण शिकवते. अंबाजी वाचणं सोपं आहे हेही मान्य. पण त्यांनी ती एकच ओळ पाहिली. त्या पानावर मढचीच आणखी सहा घराणी आहेत. सहाही जागी ‘भिमाजी बिन तुकाजी’, ‘सटवाजी बिन येसाजी’ असं लिहिलं आहे. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि तो अमका बापच असतो. त्या लेखकाचा हात बिन लिहायला इतका सरावलेला की एका जागी त्याने तो दोनदा लिहिला. फक्त कुशाबापाशी तो थांबला आणि वेगळं लिहिलं. का थांबला?

याला पुरावा म्हणायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. मी ठरवलं आहे.

तू लिहितोस, ‘घराण्याला काही मान आहे.’ कुठला मान, दादा? मी सातव्या महिन्यात असताना बाबांनी माझी पेटी रस्त्यावर ठेवली तेव्हा सकाळची एसटी येऊन गेली होती. संध्याकाळच्या गाडीपर्यंत मी त्या पेटीवर बसून होते आणि भावकीतला प्रत्येक माणूस काही ना काही काम काढून तिथून जाऊन आला. बाबा गेले तेव्हा मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, त्याच रस्त्यावर उभं राहून मी तिरडी पाहिली. आरतीने विचारलं, आपण आत का जात नाही? तेव्हा ती सोळा वर्षांची होती. मी म्हटलं, ऊन आहे, सावलीत ये.

ते मला अजून सलतं. तिला खरं सांगायला हवं होतं.

अंजना


महाळुंगे पडवळ
४ एप्रिल १९९९

दादा,

वंशावळीसाठी फोनवर ओरडू नकोस. फोन शेजारच्यांचा आहे. तुझं त्यांनीही ऐकलं, माझं ‘नाही’ही ऐकलं.

आणि आरोहीच्या वाढदिवसाचा फोटो तू आईला पाठवलास, त्यात केकच्या मागे तो, दिवाळीला तुझ्याबरोबर मढला यायचा तो, उभा आहे. केस गेलेत. आईने ओळखला. फोटो आरतीच्या हातात होता. तिने विचारलं, “आजी, तू कुणाकडे बघतेस?” आई माझ्याकडे बघायला लागली.

मी सांगितलं. या वेळी ऊन आहे म्हटलं नाही.

आरतीने फोटो एकदा जवळून पाहिला, आईला परत दिला आणि कुकर लावायला उठली. जेवताना म्हणाली, “मामाला हे माहीत आहे?” मी हो म्हटलं. “आणि तरी तो त्याला केक खायला बोलावतो, आणि मला तक्त्यात घेत नाही?”

तिला काय उत्तर देऊ ते तू लिही. तेवढंच लिही. वंशावळीचं लिहू नकोस.

अंजना


महाळुंगे पडवळ
१२ नोव्हेंबर २०००

दादा,

त्या प्रश्नाचं उत्तर दीड वर्षात आलं नाही. छापील तक्ता मात्र आला. कागद चांगला आहे.

सगळ्यात वर ‘अंबाजी, शिवनेरीचे शिलेदार’. हे शिलेदार तू कुठून आणलेस? वहीत शिवनेरीचं नाव नाही. घोड्याचंही नाही. कुशाबा घाट चढून आला एवढंच आहे. त्या मैदानावर लोकांच्या बापजाद्यांत दोर वळणारे, पिंपं करणारे, खानावळवाल्या बायका आहेत आणि ते खुशाल सांगतात. तुला तिथे तलवार न्यावीशी वाटली.

मधल्या पिढ्या माझ्या वहीत होत्या, म्हणून तू त्या गेणभाऊंकडून भरून घेतल्यास. गेणभाऊंना आठवली ती नावं त्यांनी सांगितली. पाचव्या चौकटीत त्यांचा मामा आहे. तो बोरीचा. आपल्या घराण्याशी त्याचा संबंध एवढाच की तो सुगीत जेवायला यायचा. आई हसून हसून दमली.

मग मी तिला तुझ्या चौकटीशेजारची चौकट दाखवली नाही.

‘अंजना, १९५३–१९८०.’

कॅरोलने घरातला जुना फोटो पाहून विचारलं असेल, ही कोण? बहीण आहे म्हणालास तर पुढचं सांगावं लागलं असतं. मेली म्हणालास की काम संपतं. पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, उलट खांद्यावर हात ठेवतात. मी तुला दोष देत नाही असं लिहिणार होते. देते.

सत्तावीस वर्षांची वारले मी. आरती मग कुणाला झाली? ती ऐंशीच्या ऑक्टोबरात जन्मली, मंचरच्या दवाखान्यात, पहाटे. तुझ्या हिशेबाने मेलेल्या बाईने तिला वाढवलं, शिकवलं, मेलेल्या बाईने वीस वर्षं हजेरी घेतली आणि अलंकार शिकवले. ती आता शेतकी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. मेलेली बाई दर महिन्याला तिच्या खोलीवर लाडू घेऊन जाते.

तक्ता परत पाठवते आहे. माझ्या चौकटीतलं दुसरं साल मी खोडलं आहे, शाईने. त्याखाली आरतीचं नाव लिहिलं आहे. वरच्या ‘शिलेदार’वरही काट मारली आहे. कॅरोलला दाखव किंवा फाडून टाक. फाडायला कागद जड जाईल.

मी यापुढे लिहिणार नाही.

अंजना


महाळुंगे पडवळ
१३ फेब्रुवारी २००५

दादा,

लिहिणार नव्हते. आईचं तुला कळवायला हवं आणि फोनवर तू बोलू दिलं नाहीस.

ती गेली तेव्हा तांदूळ निवडत होती. दुपार होती. आरती आणि मी तिथेच होतो. आरतीची नोकरी आता जुन्नरला आहे, ती रोज संध्याकाळी आजीकडे जायची, त्या दिवशी रजा होती. आई म्हणाली, “जरा टेकते,” आणि टेकली.

अग्नी गेणभाऊंनी दिला. अस्थी घरामागच्या झाडाला बांधून ठेवल्या. तुझा निरोप आला की मी बावीस तारखेला येतो, तोवर कुणी हात लावू नये, मुलीने तर नाहीच. दशक्रिया अकरा तारखेला होती, दादा. आई तुझ्या तिकिटासाठी झाडावर लटकत राहणार नव्हती.

मी नवव्या दिवशी मडकं सोडलं. भावकी अंगणात उभी होती. एक म्हणाला, पोरगी अस्थी नेती व्हय? दुसरा म्हणाला, तिला कोण अडवनार, ती बाबाला बी लुगडं नेसवती. हसले. गेणभाऊ काठी टेकत पुढे आले. ते आता ऐंशीचे आहेत. मला वाटलं अडवणार. ते थेट जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले.

“मी निस्ता बसाया येतोय,” म्हणाले. “वाटंत ओतुराला च्या पाजावा लागंल.”

आरती, मी आणि ते. नाशिकला पोचेपर्यंत ते एकदाच बोलले, तेही ड्रायव्हरशी, हळू चालव म्हणून.

अस्थी सोडून उपाध्यांकडे गेलो. तेच आहेत, दात गेलेत, पान सुटलंय. वही काढली. आईचं नाव त्यांनी लिहिलं: साळुबाई, सावळेरामाची बायको. मग विचारलं, “पुढे?”

मी सांगत गेले, ते लिहीत गेले. मुलगा चांगदेव. त्याची बायको कॅरोल. हे नाव त्यांनी तीनदा विचारून घेतलं. त्यांची मुलगी आरोही. मग मी म्हटलं, मुलगी अंजना.

पेन थांबलं. “सासरचं नाव?”

“सासर नाही. अंजना. तिची मुलगी आरती.”

“बाई, मुलीच्या वडिलांचं नाव लागतं.”

मी तोंड उघडायच्या आत आरती बोलली. “काका, ते नाव आईला माहीत आहे, मला माहीत आहे. मामालाही माहीत आहे. तुमच्या वहीला सांगण्यासारखं त्या माणसाने काही केलेलं नाही. जिने केलं तिचं नाव वर लिहिलंय.”

उपाध्यांनी गेणभाऊंकडे पाहिलं. भावकीतला वडील माणूस म्हणून त्यांची साक्ष लागणार होती. गेणभाऊ खिसे चाचपत होते.

“काय लिवलंय ते मला दिसंना,” ते म्हणाले. “चष्मा घरी ऱ्हायला.”

चष्मा त्यांच्या नाकावर होता. त्यांनी वही ओढून घेतली, उपाध्यांनी अजून न लिहिलेल्या ओळीखाली सही केली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. उपाध्यांना मग लिहावंच लागलं.

मी सही केली. आरतीनेही. तुझी सही नाही. तुला काही खोडायचं असेल तर तिथे जावं लागेल, आणि खोडणाऱ्यालाही सही करावी लागते. मी विचारून घेतलं.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले. नोंद पुरी झाल्यावर उपाध्यांनी पट्टी घेतली. मुलाच्या नावाखाली ते जागा सोडतात, त्याची पोरंबाळं पुढे घालायला. मुलीच्या नावाखाली आडवी रेघ मारून घर बंद करतात. ती दुसऱ्या वहीत जाणार असते. वहीतली सगळी पानं मी वाचली होती आणि ती रेघ मला इतक्या वर्षांत दिसली नव्हती. मी तिला कागदाची घडी समजत होते.

पट्टी त्यांनी पहिल्यांदा तुझ्या घराखाली ठेवली. तुला मुलगा नाही. आरोहीच्या नावाखाली रेघ आली की तू तिथे संपतोस. तू हे पाहिलं असतंस तर बरं झालं असतं.

आरतीने पानावर हात ठेवला.

“इथे रेघ मारू नका. तिच्या नावाखाली नको, माझ्या नावाखाली नको.”

“मग किती जागा सोडू?”

“अजून माहीत नाही,” ती म्हणाली. “सोडा.”

त्यांनी दोन्हीकडे बोटं लावून जागा मोजली, चार-चार बोटं, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली. तुझ्या मुलीच्या नावाखाली आज चार बोटं कोरा कागद आहे. तो आरतीने मागून घेतला, मामेबहिणीसाठी, जिने तिला अजून पाहिलेलं नाही. आरोहीला आता एकोणिसावं लागलं असेल. तिला हे पत्र दे. वाचता येत नसेल तर वाचून दाखव, आणि एकही ओळ गाळू नकोस.

अंजना